जाळाविना ऊब

– तर गरम आहे की नाही, एवढंच बघायचंय ना तुम्हाला? आहे की. हात लावून बघा. तिथं नको, तो वरचा नुसता पत्रा आहे, खाली त्या हीटरच्या लोखंडी फासळ्यांना लावा. असा नाही – तळहात नाही लावायचा, पालथा हात लावायचा. तळहात लबाड असतो, काम करून करून घट्ट झालेला असतो, त्याला सगळं सारखंच लागतं. पालथा हात खरं बोलतो. हं, असा. आहे ना गरम? मग झालं तर. लिहा तुमच्या कागदावर, पहिला मजला, घर नंबर चार, म्हातारा म्हणाला गरम आहे. आता बसा. बूट राहू द्या हो – काढलेत? बरं झालं, सूनबाईला आवडत नाही बुटांचं. तिथं सोफ्यावर बसा, त्या बाजूला उशी नाही, दोन होत्या, एक कुठंतरी गेली, टेका तसेच. श्रीरंग ऑफिसात आहे, ते तुम्हाला ठाऊकच असेल, एकाच ऑफिसातले तुम्ही – नाही? हेड ऑफिसचे? त्या लांबच्या कॅरी गावाहून आलात? म्हणजे विमानानं. म्हणजे श्रीरंग ऑफिसात असताना तुम्ही विमानानं त्याच्या घरी आलात. बरं. नाही, माझं काही म्हणणं नाही. आपलं माणूस दारात आलं की चहा होतोच आमच्याकडं, आणि तुम्ही नागपूरचे, परीक्षित नाव, काका म्हणून हाक मारलीत, म्हटल्यावर तर होतोच. घ्या. सूनबाई आणि श्रीरंगची आई ओक ट्री रोडला, आपल्या लोकांच्या दुकानांत गेल्यात, भाजी आणायला म्हणून जातात आणि साड्या बघून येतात, तेव्हा चहा माझ्या हातचा आहे. आलं जरा जास्त पडलंय.

आता तुम्ही विचारलंत, काका, हे गरम कशानं होतं ते माहीत आहे का. बघा, तुम्ही त्यातले शिकलेले, आणि मला विचारताय. म्हणजे एक तर म्हाताऱ्याची गंमत करायची, नाही तर म्हातारा काय बोलतो ते ऐकायचं. सांगतो. शाळेचं तोंड मी बघितलेलं नाही, सहीपुरतं गिरवलंय, पण श्रीरंगनं मला तीनदा समजावलंय, तिसऱ्यांदा तर जेवणाच्या टेबलावर वाट्या आणि चमचे मांडून. रस्त्यापलीकडं ती बिनखिडक्यांची इमारत आहे ना, तिच्यात कॉम्प्युटर आहेत. हजारांनी. माणसं म्हणाल तर दोन-चार, तीही स्वेटर घालून बसलेली. लोक आपले फोटो ठेवतात, पत्रं ठेवतात, बँकेचं काय काय ठेवतात, ते सगळं तिथं असतं म्हणे. आणि ते सांभाळता सांभाळता ती यंत्रं तापतात. आधी ती उष्णता पंखे लावून बाहेर फेकून द्यायचे. श्रीरंग म्हणाला, फेकता कशाला, पाण्याला द्या, आणि ते पाणी रस्त्याखालून पाइपानं या इमारतीत आणा, चाळीस घरं आहेत, निम्मी म्हातारी माणसं आहेत. माझ्यासमोर उभं राहून म्हणाला हो – बाबा, जाळ नाही, धूर नाही, आणि ऊब. मला हसूच आलं. म्हटलं, अरे, न रांधता पोट भरतं का कुणाचं? तर म्हणाला, रांधतंय दुसरंच कुणीतरी बाबा, आपण फक्त उरलेलं घेतो. तशी त्याची आई पोळी लाटता लाटता म्हणाली, म्हणजे उष्टंच की. पहिले आठ दिवस ती ह्या फासळ्यांजवळ बसली नाही, कुणाच्या तरी यंत्रांची उष्टी ऊब नको म्हणाली. मग गुडघे बोलायला लागले. मग बसली.

माझा विश्वास? आता खरं सांगायचं तर – नाही, बसला की विश्वास, पोरगा सांगतोय म्हटल्यावर बसणारच. पण मी जाळातला माणूस. इचलकरंजीला सायझिंगमध्ये एकतीस वर्षं बॉयलरवर होतो. सायझिंग म्हणजे मागावर जायच्या आधी सुताला खळ लावायची आणि वाफेवर वाळवायचं, तिथं वाफ थांबली की सगळं थांबलं. लाकूड घातलं, कोळसा घातला, पुढं पुढं चिपाडं घातली. पाणी किती तापलंय ते मी काट्याकडं न बघता सांगायचो, काटा वाचता येत होता कुठं? पाइपाला हात लावायचा आणि सांगायचं. तिथं भिंतीवर काचेच्या चौकटीत एक कागद होता, बॉयलर चालवायचा परवाना, त्यावर नाव दिगंबर जाधवाचं. जाधव चांगला माणूस, शिकलेला, परीक्षा पास झालेला, पण जाळाजवळ त्याला घेरी यायची. म्हणून कागद त्याचा आणि जाळ माझा. एकतीस वर्षं. मला त्याचं काही वाटलं नाही हो, सूत वाळल्याशी कारण. वर्षातून एकदा तपासणीला साहेब यायचे, त्या दिवशी मला धुतलेला सदरा घालायला लावून बाहेर सुताच्या बोचक्यांवर बसवायचे, विचारलं तर सांग वॉचमन आहे म्हणून. मी बसायचो. साहेब बाहेर येऊन माझ्याशीही बोलायचे, अगदी गोड. चहा घ्यायचे, चहा छान झालाय म्हणायचे. तेव्हापासून मी एक ओळखून आहे, चहाचं कौतुक करणारा साहेब काहीतरी शोधायला आलेला असतो. – तुम्ही मघाशी काय म्हणालात? छान झालाय म्हणालात ना? हं. आलं जास्त पडलंय, तरी छान.

नाही, नाही, बसा. उठताय कशाला? मी बोलतो तसं, मनात काही नाही माझ्या.

हिवाळा कसा गेला म्हणताय. गेला की चांगला. गेला म्हणजे अजून आहेच, फेब्रुवारी इथं काही खरा नसतो. आता चांगलं आहे. आता म्हणजे नेहमीच – तुम्ही भुवया वर केल्यात. बरं, सांगतो, आता लपवण्यासारखं काय त्यात. सुरुवातीला, थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला, नोव्हेंबर संपता संपता, कोमट यायचं. ताप आलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावल्यावर लागतं ना, तेवढं. त्यानं माणूस काळजीत पडतो, घर तापत नाही. ह्या फासळ्या जुन्या, जाड बिडाच्या, त्यांना कढत पाणी लागतं, तापाचं कपाळ देऊन त्यांचं काय होणार? लोक स्वेटरवर स्वेटर घालून बसायला लागले. समोरच्या घरात एक बाई आहे, मिसेस डॉली म्हणतात सगळे, पंच्याऐंशीच्या पुढची, एकटी. एका संध्याकाळी श्रीरंग ऑफिसातून आला, मी खाली दारात उभा होतो, आणि ती बाई अंगावर गोधडी घेऊन जिन्याजवळ आली. मला इंग्रजी येत नाही. पण ती ओरडली नाही, भांडली नाही, तिनं नुसता हात पुढं केला आणि श्रीरंगच्या गालाला लावला. एवढंच. मी लांब उभा होतो तरी मला तो हात गार लागला. आणि माझ्या पोराचं तोंड – परीक्षित, तुम्हाला मुलं आहेत का? लग्न नाही? मग राहू द्या. ते तोंड मी एकदाच बघितलेलं, तो आठवीत असताना, भट्टीच्या दारातून भडका आला आणि माझा हा हात भाजला तेव्हा. त्या दिवशी पोरगा म्हणाला होता, बाबा, मी मोठा झालो की असं करीन की जाळच नको. आणि केलं की त्यानं. कोमट का असेना, केलं. त्या रात्री सुनेला हळूच सांगत होता, उन्हाळ्याच्या आत पुरेशी ऊब पोचल्याचे आकडे नाही आले तर हे बंद करतील, आणि हे बंद झालं तर मलाही ठेवणार नाहीत, आणि मग ग्रीन कार्डाचे सहा वर्षांचे कागद गेले. आमची नात अनिका तर इथंच जन्मली-वाढली. हळूच बोलत होता, पण भिंती पातळ आहेत हो इथल्या. इमारत केवढी मोठी, आणि भिंती बघा, पापडासारख्या.

मग? मग सुधारलं. आपोआप. कॉम्प्युटर जास्त तापायला लागले असतील, ख्रिसमसला लोक फोटो काढतातच किती. आकडे आले, श्रीरंगचा हेड ऑफिसात सत्कार झाला, आता आणखी तीन गावांत करायचं म्हणतात ना हेच? तुम्हीच टाळ्या वाजवल्या असतील. मग आता काय खुपतंय?

बॉयलर? कुठला बॉयलर? हां, तो खालचा, तळघरातला, जुना गॅसचा. तो बंद आहे. त्याच्या लाल बटणावर श्रीरंगनं स्वतः पिवळी पट्टी चिकटवलीय, अगदी गोठून मरायची वेळ आली तरच काढायची म्हणून. तो बंदच. तळघराला कुलूप असतं, किल्ली हेक्टरकडं, हेक्टर म्हणजे इथली देखभाल करणारा, तुमचं त्याच्याशी बोलणं झालं असेल. मी कशाला जातोय तिथं, मला गुडघे आहेत. म्हणजे श्रीरंगच्या आईला आहेत, मलाही आहेत. गॅसचं मीटर फिरतंय म्हणता? फिरत असेल. चाळीस घरांत चहा होतो. नाही, मीटर काही मला कळत नाही, वाचता येत नाही म्हटलं ना –

थांबा. तो कप जरा इकडं फिरवा बघू. त्याच्या कानाला ते लाल काय लागलंय? मघाशी मी धुऊन दिला तेव्हा नव्हतं. तुमच्या बोटाचं आहे ते. दाखवा बोट. अहो दाखवा, मी काय चावतोय? हं. कुंकू आहे हे. आमच्या देवघराकडं तुम्ही गेला नाहीत, मी तुमच्यासमोरून हललेलो नाही. ह्या अख्ख्या इमारतीत देवघर सोडून कुंकू आणखी एकाच जागी आहे. म्हणजे तुम्ही आधी ऑफिसातली दुसरी किल्ली घेऊन तळघरात जाऊन आलात, बघायचं ते बघितलंत, बोट लावून बघितलंत, आणि मग वर येऊन बूट काढून मला विचारताय, काका, गरम आहे का. शाबास. आमचे साहेब तरी समोरून यायचे.

नाही, रागावलो नाही. मला रागावता येत नाही फारसं, ती तक्रारच आहे घरात. बसा. आणखी अर्धा कप घ्या.

अमावस्या झाली ना परवा, तेव्हाचं आहे ते कुंकू. आमच्याकडं दर अमावस्येला बॉयलरला नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं, पाच बोटं ओढायची. इथं नारळ नाही फोडला, आवाज होतो. नुसती पाच बोटं ओढली. बंद बॉयलरला कुणी कुंकू लावतं का? बरोबर आहे. बंद बॉयलरला कुणी लावत नाही. तुम्ही हुशार आहात. तुम्हाला नागपुरात हे ठाऊक असणारच, हेड ऑफिसच्या गोऱ्या साहेबाला पाठवलं असतं तर तो म्हणाला असता, कुणीतरी रंग सांडला. म्हणूनच तुम्हाला पाठवलं की काय? मराठी माणसाला मराठी माणसाच्या घरात? नाही, सांगू नका. मला ऐकायचं नाही.

तर लिहा. मी लावतो. मी – लिहा नीट, नाव विचाराल तर मनोहर, श्रीरंगचा बाप. डिसेंबरात हेक्टर त्याच्या देशी गेला, आई आजारी आहे त्याची. जाताना किल्ली मला देऊन गेला. त्याला माझी भाषा येत नाही, मला त्याची येत नाही, पण आम्ही दोघं त्या बॉयलरजवळ दोन महिने बसलो होतो, तो मला एकेक नळ दाखवायचा आणि मी मान हलवायचो. बॉयलर म्हणजे बॉयलर, इचलकरंजीत असो की इथं, पाणी, आग आणि वाफेची भीती. इथं तर काय, कोळसा नाही, चिपाड नाही, एक लाल बटण. मला नुसतं त्याची कुठली बाजू चालू आणि कुठली बंद एवढं कळत नव्हतं, ते अनिकानं वाचून दाखवलं. सात वर्षांची आहे. इंग्रजीतच बोलते, पण मला कळेल असं बोलते. आजोबा, इज इट अ सीक्रेट, म्हणाली. मी हो म्हटलं. सात वर्षांच्या पोरीला खोटं सांभाळायला लावलं, तेवढं एक वाईट वाटतं. तिचं नाव लिहू नका. रोज दिवेलागणीला देवापुढं दिवा लावायचा, श्रीरंगच्या आईला सांगायचं पाय मोकळे करून येतो, आणि खाली. पट्टी अलगद सोडवायची, बटण दाबायचं, पाऊण तास. पालथ्या हाताला सोसवेना झालं की बंद. पट्टी परत. सकाळी पुन्हा एकदा. कॉम्प्युटरचं पाणी कोमट येतंच, त्याला मी जरा पुढं ढकलायचो, एवढंच. भाताला शेवटची वाफ देतो तसं.

मला काय ठाऊक की ते आकडे खालच्या पाइपावर मोजतात म्हणून? मला वाटलं, घरं गरम झाली, मिसेस डॉलीचा हात गरम झाला, संपलं. त्या बाईनं ख्रिसमसला केक पाठवला श्रीरंगला. आकडे कुठंतरी लिहिले जातात, आणि त्यावरून तीन गावांत खड्डे खणणार आहेत, हे मला श्रीरंगच्या सत्काराच्या दिवशी कळलं. फोटोत तो हसत होता. मग बंद करायचं कसं? तुम्ही सांगा, दुसऱ्या दिवसापासून बंद केलं असतं तर पोरगा खोटा पडला नसता?

पण एक ऐका, आणि हे मात्र लिहून घ्या, हे कामाचं आहे. त्याचं खोटं नाहीये. त्या इमारतीत ऊब आहे. भरपूर आहे. ती इथं पोचत नाही. उठा, ह्या खिडकीशी या. तो रस्ता दिसतो? आणि अलीकडं ते मैदान, सगळं पांढरं? आता त्या मैदानात मधोमध बघा, तिथं बर्फ नाही. सरळ पट्टा, सुतार आखतो तसा. आणि त्या पट्ट्यावर कोण बसलंय? ती इथली मोठी करडी बदकं, कॅनडाची म्हणतात ती. सबंध तळं सोडून, सबंध मैदान सोडून, तेवढ्या पट्ट्यावर ओळीनं बसतात, पोटं जमिनीला लावून. डिसेंबरापासून बघतोय मी. का बसतात? खालून तुमचा पाइप जातोय. ज्यानं पाइप पुरला त्यानं वरून गुंडाळायचं ते नीट गुंडाळलं नाही, नाही तर सांध्यांतून पाणी शिरून ते भिजलं, आणि भिजलेली गोधडी पांघरून काय ऊब राहणार? माझ्या पोराची अर्धी ऊब ती बदकं खातात. तो पट्टा उकरा, नीट गुंडाळा, मग बॉयलर लागायचा नाही. एक दिवस मी श्रीरंगला म्हटलंही. म्हटलं, त्या बदकांकडं बघ. तर फोनवर होता, म्हणाला, बाबा, ते इंजिनिअर बघतील. बरोबर आहे त्याचं. बदकं बघायला कुणाला वेळ आहे? मला आहे. तुम्ही लिहिलंत ना बदकांचं? नाही लिहिलंत. तुम्ही पेन खाली ठेवलंत. बॉयलरचं लिहिताना नव्हतं ठेवलंत.

काय विचारताय? – श्रीरंगला ठाऊक होतं का? नाही. मुळीच नाही. त्याला कसं ठाऊक असणार, तो सात वाजता येतो, मी तोवर वर आलेला असतो. शपथ कसली मागताय? घेतो की, पण पोरांची घेत नाही आम्ही. माझी घेतो. त्याला ठाऊक नव्हतं, त्यानं कसलं खोटं केलं नाही, त्यानं कागदावर जे दिसलं ते लिहिलं. खोटं म्हणायचं तर ते माझं, अडाणी म्हाताऱ्याचं, मला काढा कामावरून, हॅ हॅ, मला कुठून काढणार? म्हणून तर बरं. वाटेल तिथं सही करतो, सही येते मला.

खुर्ची? कुठली खुर्ची? तळघरातली. हां. ती हेक्टरची. तोच बसायचा तिच्यावर. – हेक्टरला विचारलंत? फोनवर? तो म्हणतो तिथं खुर्ची नव्हती, उलटी बादली होती? असेल, त्याच्या लक्षात नसेल, आई आजारी आहे त्याची. त्या उरलेल्या उशीकडं कशाला बघताय? खालच्या खुर्चीवरही तशीच आहे म्हणून? निळ्या उशा काय जगात आमच्याच घरात आहेत? तुम्ही फार बारीक बघता हो. बदकं सोडून सगळं बघता.

बादलीवर बसून कंबर धरायची, ते खरं आहे. आणि त्याला ते न सांगता कळतं, तसा तो लहानपणापासूनच. जानेवारीत एक दिवस लवकर आला घरी, संक्रांतीच्या आसपास, आई म्हणाली असेल, फिरायला गेलेत. मी खाली, बॉयलर लावलेला, घरघर चालू, मला पाऊल ऐकू आलं नाही. बघतो तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा. मी उठलो, बादली कलंडली, केवढा आवाज. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. पुढं आला, आणि बॉयलरच्या अंगाला हात लावला – पालथा हो, पालथा हात! मी त्याला कधी शिकवलं नव्हतं. जाळाजवळ कधी येऊच दिलं नव्हतं मी त्याला. पालथा हात लावून उभा राहिला, बराच वेळ. मग माझ्याकडं बघितलं आणि वर गेला. जेवताना आमटी वाढ म्हणाला आईला, एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो तर बादलीच्या जागी खुर्ची, वर ती उशी, आणि पायाला लागू नये म्हणून खाली चटई. आता असा पोरगा –

असा पोरगा –

हं.

मी काय म्हणालो आत्ता?

नाही. मी काही म्हणालो नाही. ती खुर्ची हेक्टरची आहे. म्हाताऱ्या माणसाचं काय, दोन दिवसांचं एकात मिसळतं, ते स्वप्न असेल मला पडलेलं. पेन कशाला उचललंत? परीक्षित, बाळा, ते पेन ठेव खाली. बदकांचं लिही. त्या पट्ट्याचं लिही, मोजून दाखवतो हवा तर, चालत जाऊ आपण, माझे गुडघे काही म्हणत नाहीत. नको? ते तुझं काम नाही?

बरं. मग ऊठ. पाच वाजत आले, त्या बायका येतील आता, तुला बघितलं की जेवूनच जा म्हणतील, आणि माझ्याच्यानं आज तुझ्यासमोर बसून जेववणार नाही. बूट तिथं आहेत. नाड्या नीट बांध, पायरीवर बर्फ आहे. कप राहू दे, मी धुतो, ते कुंकू मला धुवायचंय.

आणि जाताना दार घट्ट ओढून घे. ऊब बाहेर जाते.